आधी मीटर, मग पाना

बॅटरी विकणाऱ्या बाईनं ‘नवी बॅटरी घेऊ नका’ म्हणावं, हे धंद्याच्या दृष्टीनं काही शहाणपणाचं नाही. पण कराडातल्या आमच्या दुकानात ‘बॅटरी गेली, नवी द्या’ म्हणत जे येतात, त्यांतल्या बऱ्याच जणांची बॅटरी गेलेली नसतेच. कुणाचं टर्मिनल ढिलं झालेलं असतं. कुणाच्या पोरानं गाडीतला दिवा रात्रभर चालू ठेवलेला असतो. कुणाच्या अल्टरनेटरनं चार्जिंग करायचं सोडलेलं असतं. अशा माणसाला मी मुकाट्यानं नवी बॅटरी दिली, तर ती दोन दिवसांत उतरते आणि तो परत माझ्याच काउंटरवर येऊन आदळतो. त्यापेक्षा आधी मीटर लावून पाहिलेलं बरं.

घरच्या घरी बॅटरी बदलता येते का, असं विचारणारे हल्ली वाढलेत. येते. पंक्चर झालेलं चाक काढून स्टेपनी लावण्यापेक्षा हे सोपं आहे; इथं जॅक लावायचा नाही की रस्त्यात मांडी ठोकून बसायचं नाही. दहा नंबरचा पाना, जुनं फडकं, रबरी हातमोजे आणि निवांत अर्धा तास एवढ्यावर भागतं. अवघड काम आहे ते त्याच्या आधीचं. बॅटरीच गेली आहे, हे ओळखायचं. नेमकी तिथंच सगळे घाई करतात.

किल्ली फिरवल्यावर गाडी काय बोलते ते आधी ऐका. सेल्फ सुस्त फिरतोय, ‘घर्रऽ... घर्रऽ’ करत दम तोडतोय, म्हणजे बॅटरीत ताकद कमी आहे. नुसतं भराभर ‘टकटकटक’ वाजतंय, तरी तेच: सेल्फचा सोलेनॉइड ओढला जातो, त्या क्षणी व्होल्टेज कोसळतं, तो सुटतो, परत ओढला जातो. एकच जाड ‘ठक्’ आणि पुढे काही नाही, तर सेल्फच अडकलेला असू शकतो किंवा टर्मिनल नीट धरत नसेल. आणि सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पेटत नाही, तर बॅटरीला बोल लावू नका. तिनं तिचं काम केलं. तिथं पेट्रोल, प्लग, सेन्सर असलं काहीतरी शोधायला लागतं आणि ते आमचं दुकान नव्हे.

आणखी एक सोपी युक्ती. हेडलाइट लावा, भिंतीवरचा उजेड बघा आणि सेल्फ मारा. उजेड पार विझला, तर बॅटरी किंवा तिची जोडणी कच्ची. उजेड होता तसा लख्ख राहिला आणि सेल्फ गप्प, तर दोष किल्लीच्या स्विचपासून सेल्फपर्यंत कुठंतरी.

पण खरं बोलतो तो मीटर. साधा डिजिटल मल्टिमीटर काहीशे रुपयांत मिळतो आणि घरात पुढं शंभर ठिकाणी उपयोगी पडतो. डीसी व्होल्टच्या २० वर बटण फिरवून ठेवायचं, लाल टोक अधिक टर्मिनलला, काळं वजा टर्मिनलला. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी मोजायचं. नुकतीच चालवून आणलेली गाडी मोजली की आकडा फुगलेला दिसतो. जेवल्या जेवल्या वजन केल्यातला प्रकार. विसावलेली बॅटरी १२.६ किंवा थोडी वर दाखवत असेल, तर ती पूर्ण भरलेली आहे. १२.४ म्हणजे साधारण पाऊण. १२.२ म्हणजे निम्मी. १२ वर आली की जवळपास रिकामी, नावाला बारा व्होल्ट असली तरी.

मग घरातल्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि डोळा आकड्यावर ठेवा. सेल्फ फिरताना व्होल्टेज पडणारच. पण ते साडेनऊच्याही खाली गेलं आणि बॅटरी भरलेली होती, तर ती म्हातारी झाली, बदला. इंजिन चालू झाल्यावर परत बघा. आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आला पाहिजे, कारण आता अल्टरनेटर बॅटरी भरतोय. (अलीकडच्या काही गाड्यांत कॉम्प्युटर हा आकडा मुद्दाम वर-खाली करतो.) इंजिन चालू असूनही साडेबारावरच रेंगाळत असेल, तर अल्टरनेटर किंवा त्याचा बेल्ट बघा. नव्या बॅटरीचे पैसे तोवर खिशात ठेवा.

या तपासणीची एक जुनी पद्धत अजून काही मिस्त्री वापरतात. इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढायची. गाडी बंद पडली तर अल्टरनेटर खराब. जुन्या डायनामोच्या गाड्यांना ते चालून जायचं. आजच्या गाडीत बॅटरी अशी चालत्या इंजिनावर तोडली, तर व्होल्टेजचा एकदम झटका उठतो आणि इंजिनाचा कॉम्प्युटर बसू शकतो. दोनशे रुपयांची शंका फेडायला हजारोंची वस्तू पणाला लावायची. तुमच्या गाडीशी कुणी असं करायला लागलं, तर हात धरा.

आमच्या भागात बॅटरी उतरण्याचं एक ठरलेलं कारण आहे. माणूस मुंबईला नोकरीला, गाडी गावाकडं शेडमध्ये. गणपतीला आला की गाडी बंद. “उभीच होती की वहिनी, चालवलीसुद्धा नाही,” असं सांगतात. न चालवल्यामुळंच उतरली! बंद गाडीतही घड्याळ, सेंट्रल लॉक, अलार्म, कॉम्प्युटर जागे असतात. त्यांनी सगळ्यांनी मिळून ५० मिलिअँपिअर ओढले, तरी दिवसाला १.२ अँपिअर-तास गेले. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. दोन आठवड्यांत निम्मी झाली. २०२० च्या टाळेबंदीत सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये रांगेनं गाड्या बंद पडल्या, त्या याच हिशेबानं. महिनाभर गाडी उभी राहणार असेल, तर जाताना वजा टर्मिनल सोडून ठेवा. एक नट ढिला करायचा आहे, बस.

लोकांना वाटतं, सेल्फ मारण्यानं बॅटरी संपते. सेल्फ एका वेळी शंभर-दीडशे अँपिअर ओढतो खरा, पण दोन सेकंद. हिशेब केला तर एका अँपिअर-तासाचा दहावा भागही जात नाही. उलट ५५ वॅटचे दोन हेडलाइट विसरलात, तर तासाला नऊ अँपिअर-तास जातात आणि चार तासांत खेळ खलास. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरवाले येतात. ट्रॉलीला स्पीकरच्या भिंती, ट्रॅक्टरला रंगीत दिवे, कारखान्याच्या वजनकाट्यासमोर तासन्‌तास रांग, इंजिन बंद आणि गाणी चालू. मग बॅटरी टिकत नाही म्हणून कंपनीच्या नावानं शंख.

या डब्यात असतं तरी काय? शिसं आणि गंधकाचं आम्ल. १८५९ साली फ्रान्समध्ये गास्तों प्लांते यानं शिशाचे पत्रे आम्लात बुडवून पुन्हा पुन्हा भरता येणारी पहिली बॅटरी केली, आणि आज तुमच्या बॉनेटखाली आहे ती तिचीच पणती. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा खण असतात, एकेक खण दोन व्होल्टच्या जरा वर. प्रत्येकात तपकिरी आणि करड्या प्लेटा आळीपाळीनं. बॅटरी वापरली जाते तेव्हा दोन्हींवर शिशाचं सल्फेट चढतं आणि आम्ल पातळ होत जातं. भरली की सगळं उलटं फिरतं. उतरलेली बॅटरी तशीच दोन महिने ठेवली, तर ते सल्फेट खड्यांसारखं घट्ट धरतं आणि मग कितीही चार्जिंग लावा, पूर्वीची ताकद येत नाही. म्हणून उतरलेली बॅटरी ‘बघू सवडीनं’ म्हणून ठेवायची नसते.

गाडीत बॅटरीला मान मिळाला तो १९१२ पासून, चार्ल्स केटरिंगचा विजेवरचा सेल्फ कॅडिलॅकच्या गाड्यांत बसला तेव्हा. त्याआधी पुढून हँडल मारायला लागायचं. माझे सासरे ट्रकवर होते. ते सांगायचे की हँडल धरताना अंगठा चार बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, मुठीत आवळायचा नाही. इंजिन उलटं लाथाडलं की अंगठा जायचा.

बॅटरीला मारतो तो उन्हाळा. उष्णतेनं आतली झीज वाढते, आणि जिथं टॉपअप करता येतो तिथं पाणीही उडतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं, असा आमच्या धंद्यातला ढोबळ ठोकताळा आहे. पण बॅटरी एप्रिलमध्ये मेली, हे कळतं डिसेंबरच्या पहिल्या गार सकाळी. उन्हाळ्यात इंजिन हलकं फिरतं, ऑइल पातळ असतं, त्यामुळं अधू झालेली बॅटरीही काम भागवते. थंडीत ऑइल घट्ट, बॅटरीची रासायनिक क्रिया मंद, आणि तिचं बिंग फुटतं. दिवाळीनंतर आमच्या दुकानात गर्दी होते ती यामुळं. तीन ते पाच वर्षं टिकली तर बॅटरीनं पैसे वसूल केले, असं समजायचं. मराठवाड्या-विदर्भातल्या उन्हात उघड्यावर उभी राहणारी गाडी असेल, तर तीनच्या आसपासची अपेक्षा धरा.

ठीक आहे, मीटरनं सांगितलं की बॅटरी गेली. आता विकत घ्यायची. जुन्या बॅटरीचा मोबाइलवर फोटो काढून आणा, सगळ्या बाजूंनी. तिच्यावर ‘३८ बी २० एल’ असलं काहीतरी छापलेलं असतं. पहिला आकडा ताकदीचा, मधलं अक्षर रुंदी-उंचीचं, २० म्हणजे लांबी सुमारे वीस सेंटिमीटर, आणि शेवटचं एल किंवा आर हे टर्मिनल कुठल्या बाजूला आहेत त्याचं. हे शेवटचं अक्षर चुकलं की अधिकची वायर अधिकच्या टर्मिनलपर्यंत पोचतच नाही. मग लोक वायर ताणतात, किंवा बॅटरी उलटी बसवतात, आणि एक दिवस बॉनेटच्या पत्र्याला टर्मिनल टेकतं. टर्मिनलची जाडीही बघा. जपानी धाटणीच्या गाड्यांना बारीक, युरोपीय धाटणीच्या गाड्यांना जाड. वायरीच्या पट्टीत काडेपेटीचा कागद घालून बारीक टर्मिनल घट्ट करणारे कलाकार मी पाहिलेत.

जास्त अँपिअरची बॅटरी घातली तर गाडीला त्रास होतो का? होत नाही. ट्रेमध्ये बसली, पट्टी नीट लागली आणि टर्मिनल योग्य बाजूला आले की चालते. पण गरज नसताना पैसे कशाला घालवायचे? लेबलवर ‘सीसीए’ नावाचा आकडा असतो. उणे १८ अंशांना बॅटरी तीस सेकंद किती अँपिअर देईल, ते तो सांगतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठलं तरी पेपरात फोटो येतो, तिथं उणे १८ चं आपल्याला काय! तरी दोन बॅटऱ्यांची तुलना करायला तो आकडा बरा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बनवल्याची तारीख. गोदामात पडून राहिलेली बॅटरीही स्वतःहून उतरत असते. तीन महिन्यांच्या आतली मागा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे. वॉरंटी कार्डावर तारीख, शिक्का आणि गाडीचा नंबर घालून घ्या. ‘३६ महिने’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असलं, तरी त्यातले किती महिने फुकट बदलून मिळेल आणि किती महिने नुसती सूट मिळेल, हे बारीक अक्षरात असतं.

शहरात दुकानदार घरी येऊन फुकट बसवून देतात, मग आपण कशाला हात काळे करायचे? माझं म्हणणं, खुशाल बसवून घ्या, पण शेजारी उभं राहून बघा. फिटरला दिवसाच्या दहा गाड्या उरकायच्या असतात. टर्मिनल साफ करायला त्याला वेळ नसतो. आणि ज्या वस्तीवर फिटर पोचतच नाही, तिथं तुम्हीच.

विद्यानगरच्या एक शिक्षिका आहेत. त्या बॅटरी न्यायला आल्या आणि म्हणाल्या, “वहिनी, मला दाखवा, मी बसवते. पण शॉक नाही ना बसणार?”

“बारा व्होल्टचा शॉक लागत नाही, मॅडम,” मी म्हटलं. “दोन्ही टर्मिनलला कोरडी बोटं लावा, काही कळायचं नाही. भीती आहे ती भाजायची. त्या पाटल्या काढा आधी.”

त्यांच्या हातात काचेच्या बांगड्याही होत्या. त्या राहू द्या म्हटलं. काचेतून वीज जात नाही. सोन्यातून मात्र फार सुरेख जाते. पाना धरलेल्या हातातली अंगठी एका बाजूनं अधिक टर्मिनलला आणि दुसऱ्या बाजूनं पत्र्याला लागली, तर शेकडो अँपिअर त्या अंगठीतून धावतात आणि क्षणात ती लालबुंद होते. आमच्या ओळखीच्या एका कारागिराच्या बोटाभोवती असा पांढरा गोल वण आहे, अंगठी काढून ठेवली तरी ती घातलेली दिसते. मंगळसूत्र लांब असेल तर तेही काढा, कारण वाकल्यावर ते नेमकं बॅटरीवर लोंबतं.

मग गाडी बंद, किल्ली बाहेर आणि काही मिनिटं थांबायचं, म्हणजे कॉम्प्युटर झोपतो. सिगारेट, काडी जवळ नको. भरताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत तो चार टक्के झाला तरी ठिणगीनं पेटतो. जुन्या बॅटरीवर वाकून काम करताना साधा चष्मा का होईना, डोळ्यांवर असलेला बरा.

पहिल्यांदा वजाची वायर सोडायची. काळी. नेहमी, दर वेळी, काळी आधी. मॅडमनी विचारलं, का? कारण गाडीचा सगळा पत्रा वजाला जोडलेला असतो. वजाचा नट सोडताना पाना पत्र्याला लागला, तर काही होत नाही, दोन्ही एकच. पण वजा जोडलेली ठेवून तुम्ही अधिकचा नट सोडायला गेलात आणि पान्याचं दुसरं टोक बॉनेटला लागलं, की बॅटरीची सगळी ताकद त्या पान्यातून थेट पत्र्यात. पाना चिकटतो, हात भाजतो, बॅटरी फुटू शकते. काळी आधी सोडली की पत्रा आणि बॅटरी यांचा संबंधच तुटतो. मग लाल सोडताना पाना पत्र्याला कुठंही लागू द्या. बसवताना याच कारणानं उलटं: लाल आधी, काळी शेवटी. जुन्या ब्रिटिश गाड्यांत पत्रा अधिकला जोडलेला असायचा, पण तुमच्याकडं तसली गाडी असेल तर हा लेख तुम्हाला नकोच.

काढलेली काळी वायर फडक्यात गुंडाळून बाजूला दाबून ठेवा, नाहीतर ती आपल्या बाकानं परत टर्मिनलवर येऊन बसते. वायरीची पट्टी निघत नसेल तर हातोडी मारू नका आणि पेचकसानं उचकटू नका. टर्मिनलचा खुंट शिशाचा असतो, मऊ, आणि आतल्या प्लेटांना जोडलेला. नट पूर्ण ढिला करा आणि पट्टी डावी-उजवीकडं हलकेच फिरवत वर घ्या. टर्मिनलवर पांढरी-हिरवट भुकटी जमलेली असते. ती नखानं खरवडू नका, आम्लाची आहे. पेलाभर पाण्यात दोन चमचे खायचा सोडा घाला आणि त्यावर ओता. फसफसून सगळं निघून जातं. मॅडमना हे फार आवडलं. शाळेत मुलांना दाखवायला हवं म्हणाल्या. मग पट्ट्यांच्या आतली बाजू पॉलिश पेपरनं चकचकीत होईपर्यंत घासायची, कारण वीज जाते ती याच जागेतून. अर्ध्या वेळा ‘गेलेली’ बॅटरी एवढ्यावरच जिवंत होते.

बॅटरी धरून ठेवणारी आडवी पट्टी आणि तिचे लांब बोल्ट सोडा. बोल्ट खाली पडला तर इंजिनाच्या पोटात जातो आणि मग अर्ध्या तासाचं काम दोन तासांचं होतं. खाली फडकं पसरून ठेवा. बॅटरी उचलताना गुडघ्यात वाका. छोट्या गाडीचीही दहा-एक किलो असते, डिझेलची त्याहून बरीच जड. सरळ उचला, कलवू नका, पोटाशी धरू नका. साडीला, शर्टाला लागलेल्या आम्लाच्या थेंबाचं भोक दोन धुण्यांनंतर दिसतं. अंगावर उडालंच, तर भरपूर पाण्यानं धुवा. डोळ्यात गेलं, तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरून थेट दवाखाना गाठा.

नवी बॅटरी त्याच तोंडानं ट्रेमध्ये ठेवा. अधिक आणि वजा पुन्हा एकदा तपासा. उलटी वायर लागली, तर अल्टरनेटरचे डायोड पहिल्यांदा जातात, मग फ्यूज, मग जे काही महाग असेल ते. आडवी पट्टी नक्की लावा. बॅटरी हलत राहिली की खड्ड्याखड्ड्याला आतल्या प्लेटा सुटत जातात, आणि आपल्याकडच्या रस्त्यांवर खड्ड्यांना तोटा नाही. लाल वायर, घट्ट. मग काळी. शेवटची जोडताना बारीकशी ठिणगी दिसते, घाबरू नका. हातानं पट्टी फिरवून बघा, फिरता कामा नये. वरून बोटभर व्हॅसलिन चोपडा, हवा आणि ओल लागत नाही.

मॅडमनी किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात लागली. घड्याळ बाराला आलं होतं, रेडिओवरचे चॅनल पुसले गेले होते आणि काच आपोआप वर जायची बंद झाली होती. घड्याळ लावून घ्या. काच एकदा पूर्ण खाली-वर करून बटण काही सेकंद दाबून ठेवलं की बहुतेक गाड्यांत ती पुन्हा शिकते. काही गाड्यांचा रेडिओ कोड मागतो, तो मॅन्युअलमधल्या कार्डावर असतो. सुरुवातीला इंजिन जरा वेडंवाकडं चालेल, थोडं फिरवून आणलं की जाग्यावर येतं.

कुठल्या गाड्यांना हात लावू नये, तेही सांगते. सिग्नलला आपोआप इंजिन बंद होणारी गाडी असेल, तर तिला साधी बॅटरी चालत नाही. ईएफबी किंवा एजीएम जातीचीच लागते, आणि ती महाग असते. काही महागड्या जर्मन गाड्यांना नवी बॅटरी बसवल्यावर कॉम्प्युटरला तसं कळवायला लागतं, नाहीतर तो जुन्या बॅटरीच्याच हिशेबानं चार्जिंग करत बसतो. इलेक्ट्रिक गाडीच्या मोठ्या बॅटरीकडं आणि तिच्या नारिंगी वायरींकडं बघायचंसुद्धा नाही. तिथं शेकडो व्होल्ट असतात आणि ते माणूस मारतात. गंमत अशी की त्या गाड्यांतही एक लहान बारा व्होल्टची बॅटरी असतेच, आणि ती उतरली की मोठी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही.

मोटारसायकली-स्कूटरचं काम आणखी लहान: सीट किंवा बाजूचं झाकण काढा, काळी आधी, लाल नंतर. फरक एवढाच की पूर्वी बॅटरी मेली तरी किक मारून माणूस घरी जायचा. आता इंजेक्शनच्या गाड्यांत पेट्रोल पंपालाही वीज लागते, पुष्कळ गाड्यांना किकच नाही, आणि बॅटरी पार मेलेली असेल तर ढकलूनही उपयोग होत नाही.

काही जण नवी बॅटरी घरी नेऊन लाकडी फळीवर ठेवतात; सिमेंटच्या फरशीवर ठेवली की उतरते म्हणे. बॅटरीचे डबे कडक रबराचे होते, तेव्हा त्यात तथ्य होतं. आताच्या प्लास्टिकच्या डब्याला फरशी काय आणि फळी काय. ज्या बॅटरीला झाकणं आहेत, तिच्यात पाणी घालायचं तर फक्त डिस्टिल्ड, प्लेटा बुडतील इतकंच. नळाचं नको, बिसलरी नको, आणि आम्ल तर मुळीच नको. आम्ल उडत नाही, उडतं ते पाणी.

राहिली जुनी बॅटरी. ती दुकानात परत द्या, नव्याच्या किमतीत तिचे पैसे वजा होतात. केंद्र सरकारच्या २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुन्हा वापरात आणायची जबाबदारी कंपन्यांवर आहे, आणि तुम्ही ती कचऱ्यात टाकायची नाही. न्यायला हलकी पडेल म्हणून काही जण घरीच आम्ल ओतून देतात, गटारात नाहीतर नारळाच्या बुंध्याशी. तसं करू नका. आम्लासकट आणा, आम्ही घेतो.

परवा ओंड भागातले एक शेतकरी जुनी बॅटरी काट्यावर ठेवता ठेवता थांबले. “वहिनी, ही घरी इन्व्हर्टरला चालेल का?”

“नाही चालायची, आबा. गाडीच्या बॅटरीच्या प्लेटा पातळ असतात, एकदम ताकद देण्यासाठी केलेल्या. इन्व्हर्टरला जाड प्लेटांची लागते, तासन्‌तास हळूहळू रिकामी होणारी. ही महिनाभरात बसेल.”

“मग गोठ्यात एक बल्ब तरी?”

“एक एलईडी चालेल काही दिवस. पण जनावरांच्या तोंडापासून लांब ठेवा. फुटक्या बॅटरीतलं शिसं ती चाटतात, आणि मग डॉक्टर आला तरी वाचत नाहीत.”

आबांनी बॅटरी काट्यावर सरकवली आणि किलोला काय भाव चाललाय ते विचारलं.